उत्तमची धर्मशाळा

गिरण्यांच्या संपाच्या दुसऱ्या वर्षी डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत दुपार खायला उठायची. पत्ते घेऊन बसलं की कोणीतरी डाव लावायचंच, आणि डाव लावायला आमच्याकडे होतं काय? म्हणून उत्तमने पत्त्यांना फाटा देऊन स्वतःचाच एक खेळ काढला.

उत्तम गिरणीत साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवायचा. आवाज घोगरा, स्वभाव भडकू. गाव आणि गिरणी सोडून त्याने काही पाहिलं नव्हतं, पण मुलूख असे सांगायचा की ऐकत राहावं. गॅलरीत बसून सुरू करायचा, "पुढे भुयार आहे. उजवीकडून पाण्याचा आवाज येतोय. बोला, काय करता?" आम्ही काय करतो ते सांगायचं आणि चार कवड्या टाकायच्या. उताण्या जास्त पडल्या तर जमलं, नाहीतर फसलं. पट नाही, सोंगट्या नाहीत, हार-जीतही नाही. फक्त पुढे काय आहे ते बघत जायचं.

खेळणारे आम्ही तिघं, आणि तिघांच्या तीन तऱ्हा. जयवंत काठीने ठोकून बघितल्याशिवाय पाऊल टाकायचा नाही. दगडूला मडकं दिसलं की त्याने आत हात घातलाच. दोनदा विंचू चावला तरी खोड गेली नाही. आणि मी, राजाराम, कुठेही शिरण्याआधी विचारायचो, बाहेर जायची वाट कुठली. उत्तम वैतागायचा. "मेल्या, अजून आत गेला नाहीस आणि बाहेरचं काय विचारतोस?"

भातलावणीला दगडू गावी गेला. आता खेळात त्याचं काय करायचं? उत्तमने वाटेत एक धर्मशाळा उभी केली. चूल पेटलेली, दार भक्कम. जो हजर नसेल तो तिथे बसेल, आणि परत येईपर्यंत त्याला काही होणार नाही, असा नियम केला. लावणी झाली, कापणीही झाली, दगडू काही आला नाही. मग जयवंतही बायकामुलांना घेऊन गेला. तोही धर्मशाळेत.

उरलो मी आणि उत्तम. बायकोमुलांना मी आधीच गावी पाठवलं होतं. सकाळी पेज करायची, ती दोन वेळा खायची आणि भिंतीकडे बघत पडायचं. दिवसभरात तोंडातून शब्द निघायचे ते त्या खेळातच. तरी मी रोज न चुकता जायचो. मला वाटायचं, मी जातो म्हणून हा माणूस तग धरून आहे.

एके दिवशी जयवंतच्या गावचा माणूस सांगत आला, काविळीने जयवंत गेला. मी हबकलो. दोन-तीन दिवसांनी खेळायला बसलो तेव्हा हळूच म्हटलं, "उत्तम, जयवंतला आता मोकळा कर."

तो असा ओरडला की शेजारची माणसं बाहेर आली. "धर्मशाळेत कोणाला काय होत नाय! नियम आहे!" मग कवड्या उचलून आत निघून गेला. डोकं फिरलं याचं, असंच मला वाटलं. फार वाईट वाटलं.

त्याच आठवड्यात त्याची बायको मालन माझ्या दाराशी आली. तिच्या भावाने माझगावच्या एका गोदामात उत्तमसाठी जागा धरून ठेवली होती, पण भाऊ आता फार थांबणार नव्हता.

"भावोजी, मी सांगून थकले," ती म्हणाली. "खेळ अर्धा टाकून कसा जाऊ म्हणतात. घरात पोरं उपाशी, आणि यांना खेळ! तुमचं ऐकतील. संपवा तो एकदाचा."

दुसऱ्या दिवशी मी ठरवूनच गेलो. उत्तमने नेहमीसारखं सुरू केलं, "पुढे डोंगर आहे. बोल, काय करतोस?"

"मी मागे फिरतो," मी म्हणालो. "धर्मशाळेचं दार उघडतो. आत कोण आहे?"

उत्तमच्या कवड्या हातात तशाच.

"सांग ना, कोण आहे?"

"कोण नाय," तो म्हणाला. "चूल विझलेली आहे."

"दगडू?"

"नाय."

"कधीपासून?"

"तो गेला त्याच दिवसापासून. आपल्यातलं कोण परत आलंय रे कधी? गिरणीच परत चालू होत नाय, तर माणसं कशाला येतील?"

मला राग आला. एवढं सगळं ठाऊक असून हा पोराबाळांच्या तोंडचा घास दूर लोटत होता. मी म्हणालो, "मग माझगावला जात का नाहीस? कोणासाठी मांडलायस हा खेळ?"

त्याने माझ्याकडे बघितलं. रागावला नव्हता.

"तू रोज येत होतास ना," तो म्हणाला. "मी गेलो असतो तर तू कोणाशी बोलला असतास?"

मला रडू आवरेना. रडत रडतच त्याला म्हटलं, "जा तू." सोमवारी उत्तम माझगावला कामावर गेला.