धागा तुटल्याची खूण

माझ्या सासऱ्यांइतक्या मोठ्या आवाजात गुपित सांगणारा माणूस भिवंडी तालुक्यात दुसरा नाही, आणि असलाच तर सासऱ्यांच्या आवाजापुढे त्याचा आवाज अजून कुणाला ऐकू आलेला नाही. लग्न ठरवायला ते पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा चहाची बशी तोंडाशी नेत सासूबाईंच्या कानात कुजबुजले, "पोरगा बरा हाय, पन जरा किरकोळ हाय." ही कुजबुज स्वयंपाकघरात आईने ऐकली, जिन्यात शेजाऱ्यांनी ऐकली, आणि पुढे कित्येक दिवस आमच्या बिल्डिंगखालचा इस्त्रीवाला मला 'किरकोळ साहेब' म्हणत असे.

यात त्यांचा दोष काहीच नाही. तरुणपणी दिघाशी गावाहून भिवंडीत आले, धामणकर नाक्यामागच्या गल्लीत पॉवरलूमचा छोटासा कारखाना टाकला आणि उभा जन्म त्या खडखडाटात काढला. तिथे ओरडल्याशिवाय बोलता येत नाही, आणि बाहेर आल्यावर ओरडायचं थांबवावं हे त्यांना कुणी सांगितलं नाही. पडघ्याच्या बहिणीशी बोलताना ते फोन हातभर लांब धरतात. मला वाटायचं, तो खिशात ठेवला तरी आत्याबाईंना ऐकू जाईल, उगाच रिचार्ज कशाला? शांतता तर त्यांना मुळीच सोसत नाही. आमच्याकडे कल्याणला आले की दुपारी जेवून आडवे होतात आणि लेकीला म्हणतात, "कायतरी चालू ठेव गं, झोप येत न्हाय." मग ती मिक्सर लावते. ते मुक्कामाला असले की आमच्या घरी चटणीला तोटा नसतो. कापड दिसलं की ते बोटांत चोळून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. एकदा एका लग्नात नवरदेवाला भेटायला स्टेजवर चढले आणि त्याच्या शेरवानीची बाही चोळून, "पॉलिस्टर हाय," असं आशीर्वाद दिल्याच्या सुरात सांगून खाली उतरले.

लूम चालू असताना ओरडूनही भागत नाही, म्हणून कारखान्यात हातांच्या खुणा असतात. सासूबाई शेडच्या एका टोकाला बसून मशीनवर सुताच्या कांड्या भरायच्या आणि तिथूनच सगळ्या लूमवर नजर ठेवायच्या. दोन्ही हातांची बोटं जोडून झटकन दूर नेली की धागा तुटला, लवकर या. ही खूण दिसली की सासरे हातातलं काम टाकून धावत. एकदा पंगतीत सासूबाईंनी कुणाला तरी काहीतरी सांगताना हात तसे केले, तर हे भरल्या ताटावरून उठून दारापर्यंत गेले आणि मग आठवलं, आपण लग्नाला आलोय. तोवर त्यांच्या पानावरची जिलबी शेजाऱ्याने उचलली होती.

सासूबाईंच्या कांड्यांच्या मशीनवर एका सूतवाल्याने दिलेलं जुनं कॅलेंडर होतं. वर्ष कधीच सरलं होतं, पण चित्रासाठी त्यांनी ते ठेवलं होतं. चित्रात जयपूरचा हवामहल, गुलाबी, नुसत्या खिडक्याच खिडक्या. "एकदा हे बघायचं," असं त्या म्हणायच्या, आणि सासरे दरवेळी म्हणायचे, "सीझन संपू दे, मंग जाऊ." भिवंडीत सीझन कधी संपतो हे मला आजतागायत कळलेलं नाही. दिवाळी झाली की लग्नसराई, लग्नसराई झाली की ईद. त्यांच्या नकाशात तशीही पडघ्यापुढे दुनिया विरळ होत जायची.

मागच्या वर्षी मात्र सीझन खरोखरच संपला. कापडाला भाव राहिला नाही, लूम भंगारात गेले, शेडमध्ये एका गोदामवाल्याने खोकी रचली. सासरे कुणाला काही बोलले नाहीत. सकाळी डबा घेऊन 'ड्युटीवर' निघायचे, नाक्यावर बसून डबा खायचे आणि शिफ्ट सुटायच्या वेळी घरी यायचे. एक दिवस बायको फोन ठेवून माझ्याकडे आली. चेहरा उतरलेला. म्हणाली, "बाबा हळू बोलतायत." मला आधी हसू आलं, मग मीच फोन लावला. पलीकडून तुमच्याआमच्यासारखा, समजूतदार, पडेल आवाज आला. इतकी वर्षं ज्या आवाजाची आम्ही टिंगल केली तो आवाज गेला होता, आणि तो परत येईल की नाही या विचाराने मला खरोखर भीती वाटली.

आम्ही कान-नाक-घशाचा डॉक्टर शोधत बसलो. सासूबाईंनी शेडमधून कॅलेंडर आणून त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "संपला न्हवं सीझन? चला आता."

आम्ही चौघं जयपूरला गेलो, पण पहिले दोन दिवस काही खरं नव्हतं. किल्ला पाहून सासरे हळूच म्हणाले, "भिंतीच हायत." राजवाड्यातला मखमली पडदासुद्धा त्यांनी चोळला नाही, तेव्हा सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. तिसऱ्या दिवशी हवामहल. सासरे समोरच्या फुटपाथवर चहाच्या टपरीपाशी बसले. "तुमी जावा. मी हितनंच बघतो, चित्रात असंच हाय." आत जायचा रस्ता मागच्या बाजूने होता. आम्ही तिघं वर चढलो. सासूबाईंनी त्यांच्या कॅलेंडरातली एक इवलीशी खिडकी ढकलून उघडली. खाली रिक्षा, बस, हॉर्न, अगदी धामणकर नाका. रस्त्यापलीकडे सासरे खांदे पाडून बसले होते. "बाबाऽ" म्हणून बायकोने हाक मारली, मी हात हलवला. त्या गोंगाटात काय ऐकू जाणार?

सासूबाईंनी आम्हाला बाजूला सारलं. दोन्ही हात खिडकीबाहेर काढले, बोटं जोडली आणि झटकन दूर नेली.

सासरे उठले. चहाचा ग्लास बाकावर राहिला. रिक्षांना हाताने थोपवत, गुडघेदुखी विसरून ते रस्ता ओलांडून धावले आणि कोपऱ्यावरून दिसेनासे झाले. थोड्या वेळाने खालच्या दारातून आवाज वर आला. तोच. भिंती हलवणारा.

"टिकट का क्या लेके बैठा है भाई! ऊपर मेरी घरवाली है, धागा टूटा है!"

"कौन सा धागा, अंकल?" पहारेकरी विचारत होता.

बायको हसता हसता रडायला लागली. मी तिकीट काढायला खाली धावलो.

वर आल्यावर त्यांनी धापा टाकत विचारलं, "कुठं तुटला?"

"कुठं न्हाय," सासूबाई म्हणाल्या. "बोलवायचं व्हतं तुमाला."

खिडकीशी उभे राहून सासऱ्यांनी खालचा सगळा गोंगाट नीट ऐकला. मग सासूबाईंच्या नव्या साडीचा पदर बोटांत चोळला, मान डोलावली आणि मला बाजूला घेऊन माझ्या कानाशी लागले.

"तिला सांगू नको. धागा तुटला न्हाय, मला ठावं व्हतं. लूमच न्हायत तर तुटंल कुठनं? पन तिनं हात दावला आन पाय धावलं बघ."

ही कुजबुज त्या मजल्यावरच्या सगळ्या पर्यटकांनी ऐकली. सासूबाई खिडकीतून बाहेरच पाहत राहिल्या, जणू काही ऐकलंच नाही. फक्त पदराने एकदा डोळे टिपले, आणि रस्त्याकडे पाहतच म्हणाल्या, "आता उदेपूर."