कार्डाखालचे नाव

भालचंद्र पेढ्यांचा पुडा घेऊन घरात आला तेव्हा मंदाताईंचे दोन्ही हात मनगटापर्यंत शाईने निळे होते. छप्पन साल होते. दिवाळी आठवड्यावर आली होती. ऐन दिवाळीच्या तोंडावर मध्य भारत हे राज्य संपून नवे सुरू व्हायचे होते आणि इथली राजधानी भोपाळला जायची होती. मोतीमहालातल्या कचेऱ्यांचे सामान बांधले जात होते. दाना ओलीच्या गल्लीत ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच प्रश्न होता, तुमचं नाव कुठल्या यादीत? भोपाळच्या, की जास्तीच्या? जास्तीच्या यादीतल्यांना घरी बसायचे होते.

"आई, झालं," भालचंद्र चपला काढता काढता म्हणाला. "भोपाळचं पक्कं. जास्तीच्या यादीत नाव नाही. उलट नवीन जागा दिलीय, सजावटकाराची."

"सजावटकार म्हणजे काय करायचं रे?" सुलोचनाबाईंनी विचारले.

"आमंत्रणाची कार्डं, समारंभाचे फलक, असंच सगळं. साहेबांना माझं काम फार पसंत पडलं."

"तुझं कुठलं काम?" मंदाताईंनी विचारले.

भालचंद्रची बायको लीला स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. ती तशीच मागे सरकली.

"अक्का, पेढा घे ना," भालचंद्र म्हणाला.

मंदाताई त्याच्याहून सहा वर्षांनी मोठ्या. बाविसाव्या वर्षी नवरा गेला, सासरच्यांनी ट्रंकेसकट माहेरी आणून सोडले, त्याला आता बारा वर्षे झाली होती. वडील तात्यासाहेब दरबारच्या एका कचेरीत होते. कागदांवर उठवायचे शिक्के सांभाळणे आणि झिजले की नवे कोरून घेणे हे त्यांचे काम. पुढे पुढे ते स्वतःच कोरू लागले. माहेरी आलेली मुलगी दिवसभर भिंतीकडे बघत बसते हे त्यांच्याने पाहवेना. एके दिवशी त्यांनी शिसवीचा तुकडा आणि कोरणी तिच्यापुढे ठेवली आणि उलटे कोरायला शिकवले. लाकडावर सारे उजव्याचे डावे करायचे, मग आरसा धरून बघायचे, मग कागदावर. पहिले पान सुलटे उमटले त्या दिवशी मंदाताई कित्येक महिन्यांनी पोटभर जेवल्या, असे सुलोचनाबाई सांगत.

अठ्ठेचाळीस साली संस्थान विलीन झाले. तात्यासाहेबांच्या कचेरीतले शिक्के गोळा करून त्या शिक्क्यांच्या तोंडावर छिन्नीचे घाव घातले गेले. ते घाव घालायचे कामही त्यांच्याकडेच आले. ते करून घरी आले, हातपाय धुतले, आणि पुन्हा कधी कोरणीला शिवले नाहीत. ते वर्ष संपायच्या आत गेले. मंदाताईंच्या मनात तो पहिला राग बसला. कोणावर, ते त्यांना सांगता आले नसते. राज्ये जातात-येतात, त्याचे त्यांना काही नव्हते. ज्याने केले त्याच्याच हातून मोडून घेतले, हे मात्र त्या विसरल्या नाहीत.

वडिलांची हत्यारे त्यांच्याकडे आली. शाया त्या घरीच करत. पिवळी हळदीची, तुरटी घालून उकळलेली. लाल लाखेची, काळी काजळाची, निळी निळीची, आणि सगळ्यांत बाभळीचा डिंक. पितळेच्या थाळीत फलाटीनच्या मऊ कापडाची घडी, तिच्यावर शाई, तिच्यावर ठसा. एका चित्राला तीन ठसे. आधी फिकट रंगाचा, मग रेघांचा, शेवटी काठाचा, आणि दोन ठशांच्या मध्ये शाई पुरती वाळेपर्यंत थांबायचे. थांबण्यातच सगळे आहे, असे त्या म्हणत. मग त्यावर जुन्या चंदेरी साडीची चिंधी, जरीचा धागा, कधी रद्दीत गेलेल्या मोडी कागदाचा कपटा खळीने चिकटवायचा.

दर संक्रांतीला त्यांची कार्डे लष्कर भागातल्या साठ-सत्तर मराठी घरांत जात. कार्ड उघडले की आत कागदाच्या इवल्या पुडीत हलव्याचे चार दाणे. लोक ती कार्डे फेकत नसत, देवघराच्या फळीवर लावत. हळदीकुंकवाची आमंत्रणेही त्याच करत. त्या हळदीकुंकवाला बायका येत, तेव्हा मंदाताई मागच्या खोलीत दार लोटून बसत. विधवेने पुढे यायचे नसते. आमंत्रण तिने केलेले चालते.

आणि प्रत्येक कार्डाच्या खाली, रीतीप्रमाणे, घरच्या कर्त्या पुरुषाचे नाव. आधी तात्यासाहेबांचे. ते गेल्यावर 'आपला, भालचंद्र'. अक्षर मंदाताईंचे, वळणदार, टाकाने काढलेले. आठ वर्षे त्यांनी ते नाव लिहिले. दर संक्रांतीला साठ-सत्तर वेळा. हात भरून यायचा, पण दुसरे काही लिहायचे असते हे कधी मनात आले नाही.

गेल्या संक्रांतीला असे एक कार्ड भालचंद्रच्या साहेबांकडे गेले होते. मग श्रावणात तो म्हणाला, "अक्का, ऑफिसच्या निरोपसमारंभाला एक मोठा फलक हवाय. करशील?" त्यांनी केला. मांजरपाटाला खळ लावून कडक केला, लाकडी चौकटीवर ताणला, आणि त्यावर किल्ला उभारला. तट मोडी कागदांच्या कपट्यांचा, बुरूज ठशांचे, खालचे शहर चिंध्यांचे. महिना गेला. मान धरली, डोळ्यांना पाणी सुटले. फलक टांग्यातून गेला आणि नंतर त्याबद्दल कोणी काही बोलले नाही. आता पेढे आले होते.

"तू त्यांना सांगितलंस, हे मी केलं म्हणून?" मंदाताईंनी विचारले.

"मी काही सांगितलं नाही. साहेबांनीच विचारलं, भालचंद्रजी, ये आपने बनाया? मी हसलो."

"हसलास."

"मग काय करू? चार माणसं उभी होती. आणि अक्का, त्यांनी गेल्या संक्रांतीचं कार्ड काढून दाखवलं. खाली माझं नाव. ते काय मी लिहिलं होतं? तूच लिहिलंस ना?"

मंदाताईंच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखे झाले. भाऊ खोटे बोलला असता तर त्या भांडल्या असत्या. पण तो खरे बोलत होता. त्यांच्याच अक्षरात, त्यांच्याच शाईने, त्यांच्या आठ वर्षांवर त्याचे नाव होते, आणि ते त्यांनी सुबक काढले होते. त्यांना भावापेक्षा स्वतःच्या उजव्या हाताचा जास्त राग आला.

"मंदे, घरातलीच गोष्ट आहे," सुलोचनाबाई म्हणाल्या. "त्याचं काय, तुझं काय. जास्तीच्या यादीत गेला असता तर काय खाल्लं असतं आपण?"

"उद्या जाऊन सांग त्यांना," मंदाताई भावाला म्हणाल्या. "काम बहिणीचं आहे म्हणून. एवढंच."

"आणि मग जागा कोणाला देतील, तुला? तू जाणार भोपाळला? एकटी?"

"विचारून तरी बघ."

"कमाल करतेस अक्का. लोग हँसेंगे," भालचंद्र म्हणाला. त्याने पेढ्यांचा पुडा देवापुढे ठेवला आणि तो बाहेर निघून गेला.

त्या दिवसापासून मंदाताई त्याच्याशी बोलेनाशा झाल्या. आरडाओरडा केला नाही. ताट वाढले, त्याच्या पोरींच्या वेण्या घातल्या, दिवाळीच्या करंज्या लाटल्या. पण ठशांची पेटी उघडली नाही. सराफ्यातल्या दोन घरांनी लग्नाची आमंत्रणे सांगितली होती, त्यांनाही नाही म्हणून कळवले. रागाच्या हाताने ठसा दाबला की शाई काठाबाहेर पसरते, हे त्यांना ठाऊक होते. आणि राग जात नव्हता. सकाळी उठल्यावर तो आधी उठलेला असायचा.

नोव्हेंबरात भालचंद्र भोपाळला गेला. तो गेल्यावर चार दिवसांनी मंदाताईंनी पेटी उघडली. नऊ ठसे नव्हते. मोर, कमळ, महिरप, प्रत्येकाचे तीन.

"लीला," त्यांनी हाक मारली.

लीलाने खाली बघत सांगितले, "तुम्ही सनातन धर्म मंदिरात गेला होतात ना वन्सं, तेव्हा काढून घेतले त्यांनी. मी नको म्हटलं होतं."

"तू नको म्हटलंस आणि मग मला सांगितलं नाहीस."

लीला रडू लागली. मंदाताईंनी तिला गप्प केले नाही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात भालचंद्र अचानक परत आला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. त्याने पिशवीतून कागद काढून ओसरीवर पसरले. सव्वीस जानेवारीच्या आमंत्रणांचे नमुने होते. मोराच्या पिसाऱ्यात निळे आणि पिवळे एकमेकांत मिसळून शेवाळ झाले होते. काठ मोराच्या मानेवरून गेला होता. दोन कार्डांवर त्याच्या अंगठ्याचा ठसा मात्र स्वच्छ उमटला होता.

"थांबला नाहीस मध्ये," मंदाताई म्हणाल्या. अडीच महिन्यांतले ते त्याच्याशी पहिले वाक्य.

"किती थांबू? साहेब रोज विचारतात, भालचंद्रजी, वो पहले वाली बात नहीं आ रही." तो ओसरीवरच बसला. "अक्का, पंचवीस नमुने करून दे. एवढ्या वेळेला. पुढचं मी शिकून घेईन. निम्मा पगार दर महिन्याला तुझ्या हातात ठेवतो, लीलासमोर सांगतो."

"पगार नको."

"मग काय पाहिजे?"

"हे काम कोणाचं आहे ते सांग. साहेबांना नंतर सांग. आधी इथं, आईसमोर, तुझ्या तोंडानं. एकदा."

भालचंद्रने आईकडे पाहिले. सुलोचनाबाई वाती वळत होत्या, त्यांचा हात थांबला.

"हे काय आता," तो म्हणाला. "घरात काय कोणाला माहीत नाही?"

"मग सांगून टाका ना," दारातून लीला म्हणाली. "सगळ्या गल्लीला माहीत आहे. तो कोपऱ्यावरचा पानवाला पण मला विचारतो, दीदी ने बनाना बंद क्यों किया."

"सगळ्यांना माहीत आहे तर माझ्याकडून कशाला वदवून घेता? माफी मागतो मी. ठसे न विचारता नेले, चुकलं. पाया पडतो." तो खरोखरच वाकला. मंदाताईंनी पाय मागे घेतले.

"पाया पडू नकोस. सांग."

तो उभा राहिला. तोंड उघडले. मंदाताई त्याच्या ओठांकडे बघत राहिल्या, लहानपणी त्याला पाढे म्हणायला लावायच्या तशा. सांगितले असते तर त्या नमुने करायला बसल्या असत्या, हे त्यांना स्वतःला आधीपासून माहीत होते आणि त्याचीही त्यांना चीड येत होती. भालचंद्रने मुलींविषयी सांगितले, भोपाळच्या खोलीच्या भाड्याविषयी सांगितले, वडिलांचे नाव घेतले, डोळे पुसले. ते एक वाक्य मात्र त्याच्या तोंडून निघाले नाही.

मंदाताईंनी नऊ ठसे त्याच्या पिशवीतून काढून घेतले, फडक्याने पुसले, पेटीत ठेवले आणि कुलूप लावले.

"मंदे, पोराची नोकरी जाईल," सुलोचनाबाई म्हणाल्या.

"त्याची नाही जायची, आई. त्याची ती नव्हतीच."

भालचंद्र दुसऱ्या दिवशी रिकाम्या हाताने गाडीत बसला. लीलाने त्याला डबा दिला, पण पोचवायला स्टेशनवर गेली नाही. सुलोचनाबाईंनी त्या दिवसापासून मुलीच्या हातचा चहा घेणे बंद केले. मंदाताई त्यांच्यापुढे कप ठेवत, गार झाला की उचलून नेत.

मग त्या कामाला बसल्या. चार दिवस, उजेड असेपर्यंत. बारा कार्डे केली. मोराचे पिवळे वाळेपर्यंत निळ्याला हात लावला नाही. राग तसाच होता, पण हाताला त्याची सवय झाली होती. शाई काठाच्या आत राहिली. एका साध्या कागदावर त्यांनी साहेबांना हिंदीत पत्र लिहिले. किल्ल्याचा फलक माझा आहे, संक्रांतीचे कार्ड माझे आहे, त्यावरचे नाव भावाचे आहे आणि ते मी लिहिले, ती माझी चूक. सजावटकाराची जागा मला द्यावी. परीक्षा घ्यायची असेल तर ठसे घेऊन भोपाळला येईन. विनवणीचा एकही शब्द त्यांनी घातला नाही. एक घातला होता, तो खोडला आणि सगळे पत्र पुन्हा लिहिले.

महाराज बाड्याच्या चौकातल्या पोस्टात रजिस्टरच्या खिडकीपुढे रांग होती. मंदाताईंचा नंबर आला तेव्हा कारकुनाने कार्डांचे आणि पत्राचे पाकीट हातात घेऊन वजन केले, तिकिटे लावली आणि पावतीचे पुस्तक ओढले.

"भेजने वाले का नाम?"

"मंदाकिनी."

"पूरा बोलिए, बाईसाहब. द्वारा किसका लिखूँ? पति, पिता, भाई?"

मागच्या माणसाने घसा खाकरला. कारकुनाने सवयीने 'द्वारा', म्हणजे मार्फत, लिहून टाकले होते आणि पुढच्या शब्दासाठी टाक उचलून धरला होता.

"वो काट दीजिए," मंदाताई म्हणाल्या.

"बिना द्वारा के जवाब किसके पास आएगा?"

"मेरे पास. मंदाकिनी, दाना ओली. काटिए, मैं देख रही हूँ."

कारकुनाने त्यांच्याकडे पाहिले, मग रांगेकडे पाहिले. खांदे उडवून त्याने तो शब्द खोडला आणि घराचा नंबर विचारला.