कोऱ्या कागदाचा बार

माझं माहेर पेणचं, गणपतीच्या कारखान्यातलं. सासर निडीजवळच्या एका गावात, भात आणि वालाची शेती. माहेरी घरभर देव, तर सासरी माजघराच्या खुंट्यांवर आडवी बंदूक. ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी घालून गजाने ठासायची. शेतराखणीचा परवाना आधी सासऱ्यांच्या वडिलांकडे होता, मग सासऱ्यांकडे आला. रानडुकरं वालात शिरली की ते बार काढून त्यांना पळवायचे. मी मात्र बंदुकीखालून जाताना मान आत घ्यायचे. न जाणो, शिंकायची एखाद्या दिवशी!

गेल्या पावसाळ्यानंतर नवऱ्याने विषय काढला. तो कंपनीत शिफ्टला जातो, त्याला बंदूक नको होती. म्हणाला, "बाबा, ती निकामी झाली. गोळी नळीत खुळखुळते नुसती. भंगार ते, रोह्याला चौकीत जमा करून टाकू."

सासऱ्यांचा चेहरा पडला. "निकामी? माझ्या बापाची बंदूक निकामी?" मग म्हणाले, "दसऱ्याला पूजा झाली का बांधावरचा मडका उडवीन. नाय उडला तर खुशाल दे जमा करून."

मडकं म्हणजे आमच्या बुजगावण्याचं डोकं. त्याच्या मागे डोंगराचा उतार, तिकडे कुणी फिरकत नाही.

अडचण गोळीची होती. नळी झिजून रुंद झालेली, गोळी मात्र पूर्वीएवढीच. आधी गोळीला जुन्या धोतराची चिंधी गुंडाळायचे. आता घरात सगळं टेरिकॉट, ते वितळून नळीला चिकटतं. सासऱ्यांना आठवलं, त्यांचे वडील अडीनडीला कागद गुंडाळायचे. मी लगेच वर्तमानपत्र घेऊन आले, तर ते दोन पावलं मागे सरले. "अक्षरं हायत गो त्याच्यावर! सरस्वतीला दारूवर बसवतेस?" छापील कागदाला पाय लागला तर आपण तो डोक्याला लावतो, हे खरंच. पण बंदुकीनेही एवढं सोवळं पाळावं, याचं मला हसू आलं.

कोरा कागद मी पेणहून आणला. आमच्या कारखान्यात कागदाच्या लगद्याच्या मूर्ती होतात, त्यामुळे कागदाशी माझी लहानपणापासून गट्टी. गोळीला कागद गुंडाळला आणि हाताच्या सवयीने खळ लावून असा चिकटवला की एक सुरकुती दिसू नये. सासऱ्यांनी ती बोटांत फिरवून बघितली. "मूर्तीच केलीस गो."

दसऱ्याआधी एकदा करून बघितलं. बाराच्या आवाजाने सगळे कावळे उठले, मडकं जागच्या जागी. सासरे खाली बसून समोरचं गवत चाचपत राहिले. मग म्हणाले, "कागद पडला नाय. गोळीसंगती गेला."

तेव्हा मला उमगलं. कागदाने गोळीला नळीत घट्ट धरायचं आणि बाहेर येताच सोडून द्यायचं. मी तर खळ लावून दोघांची जन्माची गाठ बांधून ठेवली होती. पुढच्या वेळी नुसता गुंडाळला आणि वर पीळ दिला.

दसऱ्याला बंदुकीला गंध लावलं, झेंडू आणि आपट्याची पानं वाहिली. सासऱ्यांचे हात चहाच्या बशीलाही कापतात, म्हणून मी मनातल्या मनात माहेरचे सगळे गणपती गोळा केले. बंदूक खांद्याला लागली आणि ते हात थांबले. बार झाला. बघते तर मडकं नाहीच! बुजगावण्याच्या शर्टावर नुसती खापरं.

धुरातून पांढरे तुकडे मोगऱ्याच्या पाकळ्यांसारखे हलके हलके खाली येत होते. मी एक उचलला. कडा करपलेल्या, मधे कोराच. एवढ्या आगीतून आला होता आणि माझ्या श्वासानेही हलत होता. आजवर किती देव घडवले कागदाचे, पण नुसत्या कागदापुढे हात जोडावेत असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

नवराही हरखला होता. म्हणाला, "जिंकलात बाबा. राहू दे बंदूक घरात."

"नाय," सासरे नळी पुसत म्हणाले. "उद्या रोह्याला जाऊ. येक बार साधला, पण राखण करायला नजर लागते. ती नाय रायली आता."

मग एवढा खटाटोप कशाला, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. करपलेला तुकडा त्यांनी मागून घेतला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला.

रोह्याच्या चौकीत अंमलदाराने बंदूक उलटसुलट करून बघितली. नळीत डोकावत सहज विचारलं, "काय आजोबा, निकामी झाली ना?"

सासरे ताठ उभे राहिले. हात खिशावर होता.

"नाय साहेब. चालती. सरळ चालती."