शेवळांचा डबा
पेठ रोडला टोपलीत शेवळांच्या जुड्या दिसल्या, की अजूनही माझा हात आपोआप घशाकडे जातो. नव्वदच्या दशकात नाशिकला देशी झाडांच्या वेड्यांचा मेळावा भरायचा, पार सटाण्याहूनही लोक यायचे. गुलमोहर परदेशी म्हणून त्याच्या सावलीत गाडीसुद्धा लावायची नाही, इतके आम्ही कट्टर. त्या वर्षी प्रत्येकाने घरून एक रानभाजी करून आणायची होती. नाशिक रोडहून पहिल्यांदाच आलेल्या एका बाईंनी शेवळं आणली. ही भाजी काकडं नावाची आंबट रानफळं घालून नीट शिजवली नाही तर घसा खाजून जीव नकोसा होतो, हे तिथल्या प्रत्येकाला पाठ होतं. डबा उघडल्यावर खोबऱ्याचा खमंग वास सुटला, तरी कुणी पुढे होईना. "काकडं घातलीत ना?" मी विचारलं. "भरपूर." "मग आधी तुम्हीच घ्या ना," एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले. "माझी आज एकादशी आहे," बाई म्हणाल्या. नेमकी आजच? एकजण हळूच उठून भिंतीवरचं कॅलेंडर बघून आला. एकादशी खरंच होती, तरी कुणाच्या मनातली शंका जाईना. शेवटी बाईंनी सगळ्यांसमोर चमचाभर भाजी खाल्ली. वर पाणी प्यायल्या, तेव्हाही आम्ही त्या खाकरतात का ते बघत उभे होतो. मग मात्र आम्ही डबा चाटूनपुसून खाल्ला. पुढच्या वर्षी त्या बटाट्याची भाजी घेऊन आल्या, आणि आम्ही ती एका शब्दाने न विचारता वाढून घेतली. बटाटा परदेशी आहे, हा विषय आजतागायत कुणी काढलेला नाही.