डाळमिल वाचवायला आर्णी ते मुकुटबन

...अंगण झाडून झालं होतं, पाणी भरून झालं होतं, आणि मी गच्चीवर तूर वाळत घालत होते. ताडपत्रीचं दुसरं टोक पूर्वी हे धरायचे. चार वर्षं झाली त्यांना जाऊन. आता त्या टोकावर मी वीट ठेवते. वीट ठेवून सरळ होते तोच आमच्या बचत गटातली सरला धापा टाकत जिना चढून आली.

"वो ताई, ऑफिसातला माणूस येऊन गेला. सोमवारी गाडी आणतो म्हणते, मशीन उचलून दुसऱ्या गटाले देतो म्हणते."

मशीन म्हणजे आमची छोटी डाळमिल. आर्णीतल्या आम्ही आठ जणींनी दोन वर्षं अर्ज करून ती मिळवली आणि पहिल्याच आठवड्यात बंद पाडली. झालं असं, की घरी जात्यावर डाळ करताना आम्ही तूर भिजवतो, तिला लाल माती चोळतो, कडक उन्हात वाळवतो आणि मग भरडतो. साल सुटतं, डाळ पिवळीधमक निघते. आईनं शिकवलं तसंच आम्ही मशीनसाठी केलं. आत साल काढणारा एक खरखरीत दगडी रोल असतो. त्यावर माती बसली आणि तो काचेसारखा गुळगुळीत झाला.

"अडाणी बायांच्या हाती मशीन दिली की असंच होते," मशीन मंजूर करणाऱ्या ऑफिसातले साहेब पाहायला आले तेव्हा सर्वांसमोर म्हणाले होते.

माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं वाचन किराण्याच्या पुड्यांवर झालं, नंतर वाचनालयात. मशीनचं माहितीपुस्तक मी दोनदा वाचलं होतं. तूर निवडलेली आणि कोरडी हवी, एवढंच त्यात होतं. आमची तशीच होती! लाल मातीबद्दल त्यात एक ओळ नाही. अडाणी कोण, मग?

यवतमाळला बचत गटांच्या विक्री प्रदर्शनात मुकुटबनच्या शोभाताईंची डाळ मी पाहिली होती. त्यांची मिल आमच्यासारखीच, पण चालू. फोन केला. "फोनवर काय सांगू? या ना," त्या म्हणाल्या. शनिवारी सकाळी सातची एसटी धरली.

तुम्ही जाणार असाल तर सकाळचीच गाडी धरा, मार्चचं ऊन दहापासून चावतं. घाटंजीपर्यंत रस्ता बरा आहे, पुढे खड्ड्यांत पाठ मोजून घेतली जाते. बायांना अर्धं तिकीट आहे, तेवढा फायदा.

"एकट्याच चालल्या काय मावशी?" कंडक्टरनं विचारलं.

"तिकीट एकीचंच मागतलं ना मी?"

मागच्या सीटवरच्या दोघी हसल्या. त्यानं तिकीट फाडून दिलं.

पांढरकवड्याला उतरून स्टँडबाहेर आलुबोंडा आणि रस्सा खाल्ला. रस्सा तिखट आहे, पाणी जवळ ठेवा. वेळ असेल तर केळापूरचं देवीचं देऊळ जवळच आहे. मी लांबूनच हात जोडले, कारण मुकुटबनची जीप भरत आली होती. भरत आली म्हणजे तिघांच्या बाकावर पाच. दोन्हीकडे शेतात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, बांधावर पळस पेटलेला. हे असते तर ड्रायव्हरशी गप्पा मारत बसले असते. मी खिडकीबाहेर बघत बसले.

शोभाताईंची मिल एका जुन्या गोठ्यात आहे. मी दारातच थबकले. भंगारातून आणलेल्या वॉशिंग मशीनमध्ये तूर गरगर फिरत होती.

"धुणं धुऊन राह्यलो, बसा," शोभाताई म्हणाल्या. मग स्वतःच हसल्या. "तेल चोळतो वो त्यात तुरीले. हातानं चोळून खांदे गेलते आमचे."

कोंडा उडवायला कुलरचा पंखा. चाळणी हलवायला सायकलचं पायडल. हे सगळं जोडलं युसुफभाईंनी. ते गावातले मोटारपंप दुरुस्त करणारे. त्यांच्याशी कागदावर काहीच करार नाही. ते मिल चालू ठेवतात, त्यांच्या घरची तूर पहिली भरडायची. डाळीची चुरी एक दूधवाला म्हशींसाठी नेतो, बदल्यात त्याची गाडी यांची पोती वाहते.

मी आमचं लाल मातीचं सांगितलं. मान खाली घालूनच. शोभाताईंनी कपाळावर हात मारला.

"अवो, आम्ही बी तेच केलतं! पहिल्याच दिवशी! तवापासून माती बंद, तेलच."

"फिर मुझे बुलाया," पंख्यापाशी बसलेले युसुफभाई म्हणाले. "रोल मेला नाही वहिनी, त्याच्या दातात माती गेली. पाणी नका लावू, चिखल होईल. तारेच्या ब्रशानं घासा, मग कोरडी कणकी टाकून चालवा. तांदूळ माती ओढून घेते."

"तुम्ही करा, मी पाहून घेते," मी म्हणाले.

"पाहून काय होते? हात लावा."

त्यांनी शोभाताईंच्याच मिलचे नट मला खोलायला लावले. पाना दोनदा निसटला, बोट सोललं. रोल बाहेर काढला, घासला, परत बसवला. चुकीचा बसवला. पुन्हा काढला.

"साहेबानं पाहिलं तर म्हणन, अडाणी," मी म्हणाले.

"त्याले म्हणा, तू काढून दाखव," शोभाताई म्हणाल्या.

रात्री त्यांच्याकडेच राहिले. रविवारी निघताना युसुफभाईंनी आपला ब्रश दिला आणि म्हणाले, अडलं तर फोन करा, अडलं नाही तरी करा.

परतीच्या गाडीत मनगटं ठणकत होती. घरी कुलूप उघडलं, घर होतं तसंच गप्प होतं. त्याला प्रवासाचा इलाज नाही, हे मला माहीत आहे. पण एक गोष्ट मात्र पक्की झाली. चूक आमच्याकडून झाली, ते मी कुणापुढेही कबूल करीन. पण ती चूक जात्यावर डाळ करता येणाऱ्या बाईकडूनच होऊ शकते. ज्याला डाळ कशी करतात हेच माहीत नाही, त्याच्या हातून ती होणारच नाही. आणि ज्यांना डाळ करता येते, त्यांच्याकडून मशीन काढून नेणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी रोल घासायला बसले, मग कणकी फिरवली आणि तेल चोळलेली तूर टाकली. अकराला साहेब गाडी घेऊन आले तेव्हा मिल चालू होती. साहेबांनी ती बंद करायला सांगितलं. मी आणखी एक पायली तूर टाकली.