सही झालेली यादी

शेवटच्या वर्षाच्या मुलांना मी वैद्यकीय उपकरणं डिझाइन करायला शिकवते. शिकवते म्हणजे बहुतेक वेळ ओरडते. मुलांना यंत्र आधी सुचतं आणि रुग्ण नंतर शोधायचा असतो. एका वर्षी एका गटाने अंध माणसांसाठी बोलणारी काठी केली. एकाही अंध माणसाशी कोणी बोललं नव्हतं. त्या दिवसापासून मी नियम केला. आधी माणसाकडे जायचं, त्याला काय हवं ते लिहून घ्यायचं, त्या यादीवर त्याची सही घ्यायची आणि सही झाली की यादी बंद. मग तिच्यातला एक शब्दही बदलायचा नाही. नाहीतर ही मुलं फार हुशार असतात, यंत्र जमलं नाही की गरजच बदलून टाकतात. या नियमाचा मला अभिमान होता.

ताई, माझी थोरली बहीण, तेव्हा कोथरूडला माझ्याकडेच राहायची. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली, बिनलग्नाची, जिभेला धार असलेली. तिला स्नायूंचा आजार झाला. पाय, हात, जीभ एकेक करून जातील, डोकं आणि डोळे मात्र शेवटपर्यंत शाबूत राहतील, असं डॉक्टरांनी आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं होतं. बाहेर आल्यावर ताई म्हणाली, "म्हणजे तुझं घर कसं चाललंय ते बघत पडायचं." मी हसले नाही.

पाय गेले. मग बोलणं जड झालं. मी तिला त्या वर्षीच्या एका गटाकडे सोपवलं, तीन मुलगे आणि वर्ध्याकडची एक मुलगी. यंत्र साधंच होतं. पडद्यावर एकेक वाक्य पुढे सरकणार, पाणी हवंय, कूस बदला, पाठ दुखतेय. हवं ते वाक्य आलं की ताईने बोटाने बटण दाबायचं, म्हणजे यंत्र ते मोठ्याने बोलणार. यादीत पहिलीच ओळ होती, 'उजव्या हाताच्या पहिल्या बोटाने वापरता यावं.' ताईने खूप वेळ घेऊन सही केली आणि अडखळत म्हणाली, "माझ्या बोटाचं मृत्युपत्र केल्यासारखं वाटतंय." मुलं गोंधळली. मी यादी फायलीत लावली.

मुलगे कॉलेजात यंत्र जोडत बसायचे. ती मुलगी मात्र दर रविवारी वारज्याहून, तिच्या भाड्याच्या खोलीवरून, बस पकडून ताईकडे यायची. तिला कोणी सांगितलं नव्हतं. ताई तिची वही बघायची आणि तिच्या अक्षराला नावं ठेवायची. जाण्यापूर्वी ती ताईच्या बोटाखाली एक छोटा सेन्सर ठेवायची आणि बोट किती जोर लावतंय ते टिपून घ्यायची.

नोव्हेंबरात गटांची तपासणी असते. मुलीने फायलीतून एक आलेख काढून माझ्यापुढे ठेवला. उभ्या बाजूला बोटाचा जोर, आडव्या बाजूला रविवार. रेषा उतरत गेली होती. पुढे तिने तुटक रेषा काढून ती खालपर्यंत नेली होती. फेब्रुवारीत ती शून्याला टेकत होती.

"मॅडम, काकूंचं बोट कमी कमी हलून राहिलं," ती म्हणाली. "आपण बटणाच्या जागी गालाने चालणारा स्विच घेऊ. नाहीतर डोळ्याने. आत्ता बदललं तर होऊन जाईल."

"ही तुटक रेषा काढायला तुला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच शिकवलं ना, मॅडम. दुसऱ्या वर्षाला."

मला तिचा इतका राग आला की माझा आवाज चढला. यादीवर सही झालेली आहे, मी म्हणाले. सहीनंतर गरज बदलत नाही हे पहिल्या तासाला सांगितलं होतं, तेव्हा आपण वर्गात होतात की कॅन्टीनमध्ये? आणि हा आलेख रिपोर्टमध्ये नको, काढून टाका. मुलगे खाली बघत होते. तिने कागद गुपचूप घडी करून पिशवीत ठेवला.

आता लिहायला हरकत नाही, मी तेव्हा घाबरले होते. ते बोट मी रोज हातात धरत होते. सकाळी दिलेला चमचा त्यातून कसा सुटून जायचा, हे मला त्या मुलीच्या आधी माहीत होतं. पण 'बोट चालणार नाही' असं कागदावर लिहून त्यावर पुन्हा ताईची सही घ्यायची म्हणजे आम्ही दोघींनी ते कबूल केल्यासारखं झालं असतं. मी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं आणि त्याला शिस्त म्हटलं. मुलांना गरजा बदलू नका म्हणून बजावणारी मी, स्वतः मात्र गरज उघड्या डोळ्यांनी नाकारली.

डिसेंबरात ताईचं बोलणं पूर्ण थांबलं. फेब्रुवारीत बोटही थांबलं. मग तिला काय हवं ते मी अंदाजानेच ठरवायला लागले. रविवारी ती मुलगी येत राहिली, सेन्सर मात्र तिने आणायचा बंद केला.

एप्रिलमध्ये परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी स्वतःचं बोट बटणावर ठेवून पाहिलं. यंत्र खणखणीत आवाजात बोललं, "पाणी हवंय." "वा, एकदम स्मूथ," ते म्हणाले. यादीतली प्रत्येक ओळ पूर्ण झाली होती. गटाला त्या वर्षीचे सर्वांत जास्त गुण मिळाले. मीच दिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलं यंत्र घेऊन घरी आली. एकाने ते पलंगाला बसवलं, दुसऱ्याने ताईचं बोट हळूच उचलून बटणावर ठेवलं. वाक्यं सरकायला लागली. पाणी, कूस, पाठ. पुन्हा पाणी, कूस, पाठ. ताई पडद्याकडे बघत होती. बोट बटणावर नुसतं ठेवलेलं होतं. तिसऱ्या फेरीनंतर एक मुलगा म्हणाला, "मॅम, सेन्सिटिव्हिटी वाढवू का?" आणि पुढे केलेला हात स्वतःच मागे घेतला. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

मुलीने यंत्र बंद केलं. पलंगाच्या कडेवर बसून ती ताईला म्हणाली, "काकू, मी अक्षरांच्या ओळी म्हणते. तुमची ओळ आली की डोळे मिटा." आणि शाळेतल्यासारखं सावकाश म्हणू लागली. क-ख-ग ची ओळ. च-छ-ज ची ओळ. प-फ-ब ला ताईने डोळे मिटले. मग त्या ओळीतलं एकेक अक्षर. प. पुन्हा सगळ्या ओळी पहिल्यापासून. या वेळी पहिल्याच ओळीला डोळे मिटले. क? नाही. ख. मुलगी पुढचं विचारणार, तेवढ्यात ताईने नजर वर नेली आणि तिथेच ठेवली.

वर पंखा होता.

गेले कित्येक आठवडे ती अशीच वर बघत पडायची. मला वाटायचं, दुसरं बघायला तिला आहे काय. उन्हाळा लागल्यापासून रोज ताईला दिवसभराच्या बाईंवर सोपवून कॉलेजला निघताना मी तो पंखा पाचवर करून जात होते, तिला उकडू नये म्हणून. तिच्या डोळ्यांच्या कडा लाल झाल्या होत्या, त्यात मी औषधाचे थेंब घालत होते. पापण्या घट्ट मिटत नसलेल्या डोळ्यांवर दिवसभर तो वारा येत होता.

मी उठून पंखा बंद केला. ताईने डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. मुलगे दाराशी उभे होते. मी तिच्या उशाशी बसले आणि विचारलं, "ताई, कधीपासून सांगत होतीस गं?"

मुलीने पुन्हा क-ख-ग पासून सुरुवात केली. दोन ओळी झाल्यावर मी तिच्या हातावर हात ठेवून तिला थांबवलं. ते उत्तर मला ऐकवलं नसतं.