दहांतला एक

पहिलं कारण वर्गीसने दिलं.

“सर, इसका स्पीड कम है,” तो म्हणाला. माझ्याकडे न बघता. टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत.

मी त्याच्या समोरच बसलो होतो. त्या सकाळी त्याच्याच गाडीतून आलो होतो. अजमानहून दुबईतल्या जुमेरा लेक टॉवर्सपर्यंत, उजाडायच्या आत निघून, शारजाच्या ट्रॅफिकमध्ये अडकत, त्याच्या थर्मासमधला आल्याचा चहा पीत. रोज यायचो तसंच. आणि आता हा माणूस म्हणत होता, माझा स्पीड कमी.

“गुड. नेक्स्ट,” सर म्हणाले.

जोसेलिन म्हणाली, मीटिंगमध्ये हा तोंड उघडत नाही. मग समीर बोलला. ठाण्याचा समीर. त्याला ड्रॉइंगचा पहिला लेयर कसा लावायचा ते मी शिकवलं होतं. “ह्यांना नवीन सॉफ्टवेअर झेपत नाही, सर.” मराठीत बोलला. परक्या भाषेत बोलला असता तर कमी लागलं असतं.

पुढच्यांना कारणं सुचेनात. तेव्हा एक जण म्हणाला, याच्या डब्याचा वास येतो. सुकटीचा. त्याच डब्यातली सुकट त्याने बोटं चाटून खाल्ली होती, दोनदा मागून घेतली होती. सगळे हसले. हसायला मिळालं म्हणून हसले, सुटल्यासारखे.

नऊ जण बोलून झाले. सर म्हणाले, “आता सगळ्यांना थँक यू म्हण. दे आर हेल्पिंग यू.”

आणि मी म्हणालो. उभा राहून म्हणालो, “थँक यू.”

च्यायला, कारणं मी विसरलो असतो. ते थँक यू विसरता येत नाही. आंघोळ करताना आठवतं. लिफ्टमध्ये आठवतं. चार माणसं एका टेबलाभोवती गप्प बसलेली दिसली की मी तिथून बाजूला होतो.

हे सगळं कुठून आलं ते सांगतो. रोममधून आलं.

आमचे सर पुण्याचे. कंपनीत डिझाइनचे हेड. आम्ही टॉवरची ड्रॉइंग काढायचो, मी ड्राफ्ट्समन. सरांना रोमचं वेड. केबिनमध्ये कुठल्या तरी सेनापतीचं पांढरं डोकं ठेवलेलं. गुरुवारी, आठवडा संपताना, सगळ्यांना कॉन्फरन्स रूममध्ये बसवायचे आणि तासभर रोम सांगायचे. सांगायचे मात्र झकास, खोटं कशाला बोलू? दरवर्षी दोन कॉन्सल, म्हणजे राज्य चालवणारे, निवडायचे, एकाने दुसऱ्याला आवरायचं. सिनेट म्हणजे घराणेदार म्हाताऱ्यांची सभा, सगळा सल्ला तिचा. आणि गाव जिंकलं की ते जाळून टाकायचं नाही, त्याला मित्र म्हणायचं. मित्राने दरवर्षी सैनिक द्यायचे. मताचा हक्क मात्र मागायचा नाही. असं करत करत इटली घेतली, समुद्र घेतला, जग घेतलं.

“दॅट इज मॅनेजमेंट,” सर म्हणायचे.

एका गुरुवारी त्यांनी सांगितलं की रोममध्ये प्रत्येक गरिबाला एक आश्रयदाता असायचा. गरिबाने सकाळी त्याच्या दारात हजर व्हायचं, नमस्कार करायचा, पडेल ते काम करायचं. बदल्यात तो याला सांभाळायचा. कधी खायला टोपली द्यायचा. ऐकताना माझे कान गरम झाले. कारण तो दारात उभा असलेला माणूस मी ओळखत होतो.

पहिल्या इंटरव्ह्यूला सरांनी माझं आडनाव दोनदा विचारलं होतं. मग गाव विचारलं. मग नुसतं “अच्छा” म्हणाले. नोकरी दिली. मग म्हणाले, “तू आपलाच माणूस.” त्यांच्या व्हिलावर गणपती बसायचा तेव्हा आपला माणूस बाहेर गाड्या लावून द्यायचा. आरतीचा आवाज मी पार्किंगमधून ऐकला, पाच वर्षं. आणि माझी बायको नीता मोदक वळायला आत गेली, तर सरांच्या बायकोने गोड हसून सांगितलं, “नैवेद्याचं आम्ही बघतो गं, तू ताटं मांड.” नीताने ताटं मांडली. घरी येताना टॅक्सीत ती खिडकीबाहेर बघत राहिली. नोकरी होती, मुलगी चांगल्या शाळेत होती, मला मूग गिळून बसायची सवय झाली होती.

शुक्रवारी आमच्या मराठी कुटुंबांची भिशी असायची. स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या, आणि चिठ्ठी काढायचा मान माझ्या रेवतीचा. “बाबा, आय हॅव लकी हँड्स,” ती म्हणायची. सर कधीमधी यायचे, कौतुकाने बघायचे. त्यांना ते आवडलं असणार.

मग दोन हजार आठ आलं. खिडकीतून रोज हलताना दिसणाऱ्या क्रेन एकेक करून थांबल्या. आमच्या काढून ठेवलेल्या टॉवरपैकी एकाचाही खड्डा खणला जाईना. आणि एका गुरुवारी सरांनी रोममधली शिक्षा सांगितली. डेसिमेशन. पलटण लढाईतून पळाली तर तिच्यातल्या दर दहा जणांत एक चिठ्ठीने निवडायचा. मारायचा कुणी? सेनापतीने नाही. उरलेल्या नऊ जणांनी. त्याच्याबरोबर झोपणाऱ्या, जेवणाऱ्या नऊ जणांनी, दांडक्यांनी. आणि मग त्या नऊ जणांनाही गव्हाऐवजी जव खायला द्यायचे, छावणीच्या भिंतीबाहेर झोपवायचं.

पुढच्या आठवड्यात आमच्या टीमला बोलावलं. आम्ही दहा होतो. टेबलावर स्टीलचा डबा. “मॅनेजमेंटला एक माणूस कमी हवाय. मला फेव्हरिटिझम नको. सिंपल. आपल्या भिशीसारखं,” सर माझ्याकडे बघून म्हणाले. मी हात घातला. फुलीची चिठ्ठी माझ्या हाताला लागली. मग सरांनी प्रत्येकाला एक कारण द्यायला सांगितलं, फाइलला लागतं म्हणून. त्या कारणांनी सुरुवात केली मी ही गोष्ट.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, मग शनिवार. रविवारी सकाळी बिल्डिंगखाली वर्गीसचा हॉर्न वाजला.

मी गेलो. काय करणार? दुसरी गाडी नव्हती. तो चहा ओतून द्यायला लागला, मी नको म्हणालो. पूर्ण रस्ता आम्ही रेडिओ ऐकला. रोज ऐकला, कितीतरी आठवडे. त्या गाडीत आम्ही दोघे होतो आणि मागच्या सीटवर ते वाक्य बसलेलं असायचं.

मला लगेच काढलं नाही. सरांनी व्हिलावर बोलावून घेतलं. सोफ्यावर बसायला सांगितलं, पहिल्यांदाच.

“मुलगी दहावीला ना?” ते म्हणाले. “तुझा व्हिसा गेला की दोघींचा जाणार. बोर्डाच्या तोंडावर. मला कळतं रे. तुझं नाव मी मार्चपर्यंत वर पाठवत नाही.”

माझे डोळे भरून आले. खरंच आले. मी हात जोडले.

“पण जानेवारीत परत चिठ्ठी पडणार. तू उचलायची नाही, तू सेफ. ज्याची निघेल तो आधी जाईल. फक्त पहिलं कारण तू द्यायचं. पहिला बोलला की बाकीचे बोलतात.”

माझं टेबल त्यांनी आतून हलवून बाहेर पॅसेजमध्ये ड्रॉइंग छापायच्या प्लॉटरशेजारी लावलं. येणारे-जाणारे मला वळसा घालून जायचे. त्या मशीनचा करकर आवाज ऐकत मी डबा खायचो. सुकट आणणं बंद केलं होतं. मला जव मिळाले होते, आणि ते मी गुपचूप खात होतो.

घरी मी नीताला सगळं सांगितलं. नीता म्हणाली, “बोलून टाक. एक वाक्य तर आहे. पोरीचं वर्ष महत्त्वाचं.” तिचं चुकत नव्हतं. रेवती अभ्यासाचं पुस्तक घेऊन तिथेच बसली होती. तिने रोमचं सगळं कॉम्प्युटरवर शोधून काढलं, रात्रभर नाही, अर्ध्या तासात. आणि म्हणाली, “बाबा, युअर सर टोल्ड यू ओन्ली हाफ.”

अर्धंच सांगितलं होतं. उरलेलं अर्धं तिने सांगितलं. लढाया जिंकणारे साधे लोक होते आणि जिंकलेल्या जमिनीवर नाव लागायचं बड्यांचं. शहरात यांना ना न्याय, ना बोलायची सोय. मग एकदा लढाईचं बोलावणं आलं आणि हे सगळे शहर सोडून निघून गेले. कुणाला मारलं नाही, काही जाळलं नाही. एका डोंगरावर जाऊन नुसते बसले. “दे जस्ट सॅट, बाबा.” बड्यांची तंतरली. सैनिकच नाहीत तर जग जिंकणार कोण? शेवटी सिनेटला मान्य करावं लागलं की या लोकांचे स्वतःचे ट्रिब्यून, म्हणजे प्रतिनिधी, असतील. त्यांच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही. त्यांच्या घराचं दार दिवसरात्र उघडं. आणि त्यांचा अधिकार एवढाच की मध्ये उभं राहून म्हणायचं, नाही.

मी तिला विचारलं, एवढंच? नुसतं नाही?

“दॅट्स इट,” ती म्हणाली आणि परत गणिताकडे वळली.

त्या नऊ जणांतला एक जरी नाही म्हणाला असता! एवढंच मनात येत राहिलं. मला नोकरी वाचवून नको होती त्यांच्याकडून. एक नाही हवं होतं. आणि ते माझ्याच तोंडून निघायची वेळ येत होती.

जानेवारीत डबा परत टेबलावर आला. फुली वर्गीसला निघाली.

त्याने ती चिठ्ठी उघडी धरली आणि माझ्याकडे बघितलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदा. सर खुर्चीत मागे रेलले. मजा वाटत होती त्यांना, दिसत होतं. “बघ, नशीब कसं असतं. यल्ला, सुरू कर.”

सूड घ्यायचा मोह झाला का? झाला. तळपायाची आग मस्तकात गेली होती, जिभेवर वाक्य तयार होतं. इसका स्पीड कम है. अगदी तेच परत द्यायचं होतं मला.

“नाही,” मी म्हणालो.

“नाही म्हणजे? कारण नाही?”

“असेल. मी सांगणार नाही.”

सरांनी आवाज खाली आणला आणि मराठीत विचारलं. टेबलावर समीर सोडला तर कुणाला कळणार नाही असं. “मुलीची परीक्षा आहे ना रे?”

“आहे, सर.”

“मग?”

“मग नाही.”

आणि मी थांबलो. वाट बघितली. आता आणखी कुणीतरी म्हणेल. समीर म्हणेल. सगळे गप्प राहतील तरी पुरे, डोंगरावर बसल्यासारखे. सर कुणाच्या तोंडात हात घालून कारण काढणार होते?

“जोसेलिन?” सर म्हणाले.

जोसेलिनने खाली बघत कारण दिलं. मग पुढच्याने. मग समीरने. मी उठलो, दार उघडलं, बाहेर आलो. माझ्यामागे कुणी आलं नाही. दार उघडंच ठेवलं होतं मी.

संध्याकाळी वर्गीसनेच घरी सोडलं. शारजाजवळ ट्रॅफिक थांबल्यावर तो म्हणाला, “तू बोला क्यों नहीं? मैंने तो बोला था.”

“हां,” मी म्हणालो. “तूने बोला था.”

तो स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला. मागच्या गाड्या हॉर्न मारत राहिल्या. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. नाही म्हणालो होतो, माफ केलं नव्हतं.

दोघांचेही व्हिसा गेले. रेवतीची परीक्षा हुकली, वर्ष गेलं. बॅगा भरताना ती पहिल्यांदा आपणहून मराठीत बोलली. “बाबा, ठीक आहे.” ठीक नव्हतं. नीता कितीतरी महिने माझ्याशी कामापुरतं बोलत होती. बदलापूरच्या भाड्याच्या खोलीत पोर वर्षाने लहान मुलींबरोबर परत दहावीला बसली. हे मी केलं, दुसऱ्या कुणी नाही, आणि ते मला रोज दिसायचं.

काही वर्षांनी मी परत इथे, दुबईत आलो. सिलिकॉन ओएसिसमधलं छोटं ऑफिस, आता माझ्या हाताखाली माणसं आहेत. भिशी पुन्हा सुरू झालीय, नीता डबा काढते तेव्हा मी बाल्कनीत जातो. प्लॉटर सुरू झाला की अजून दचकतो. सरांचे गुरुवार चालू आहेत म्हणे, मोठ्या हॉलमध्ये, पाहुणे म्हणून बोलावतात त्यांना. रोम सांगतात. अर्धंच सांगत असणार.

गेल्या महिन्यात आमच्या मालकाने केबिनमध्ये बोलावलं. चांगला माणूस आहे, चहा मागवला. म्हणाला, “हबीबी, काम कमी आहे. तुझ्या टीममधला एक कमी कर. तूच निवड. फाइलसाठी एक कारण लिहून दे.”

“नाही,” मी म्हणालो.

“मग तुझंच नाव जाईल.”

“जाऊ दे.”

त्याने कारण विचारलं. मी चहा संपवला, कप टेबलावर ठेवला. कारण दिलं नाही. ना माझं, ना दुसऱ्या कुणाचं. आणि यापुढे, या देशात की त्या देशात, पोटाला गहू मिळो की जव, कुणाच्याही फाइलसाठी माझ्या तोंडून कारण निघणार नाही.